वेबसाइटवर फाइल मागवायच्या आहेत: फॉर्म प्लगइन, फाइल मॅनेजर की गूगल फॉर्म?

दिवाळी अंकासाठी साहित्य मागवायचं असतं, नोकरीच्या जाहिरातीला बायोडेटा हवे असतात, शाळेच्या प्रवेशासाठी जन्मदाखल्याची प्रत लागते. गरज कुठलीही असो, वर्डप्रेसवर साइट असलेला माणूस शेवटी विचारतो, “फाइल अपलोडसाठी कुठलं प्लगइन (साइटला जोडायचा तयार प्रोग्राम) सेफ आहे?” याला एका नावाचं उत्तर देणं मला पटत नाही. या कामाच्या बहुतेक नावाजलेल्या प्लगइनमध्ये कधी ना कधी गंभीर त्रुटी सापडलेली आहे, आणि पुढे सापडणार नाही याची हमी कुणीच देऊ शकत नाही. म्हणून मी वेगळं विचारतो. आलेली फाइल तुमच्या सर्व्हरवर कुठे पडते, किती काळ पडून राहते आणि त्या जागी ती चालू शकते का? प्लगइनमधला दोष आज ना उद्या निघणारच. तो निघाला की तुमचं किती नुकसान होईल, हे या तीन उत्तरांवर ठरतं.

खालची तुलना याच अंगाने केली आहे. ती वर्डप्रेसपुरती आहे, कारण आपल्याकडच्या छोट्या संस्था, दुकानं, नियतकालिकं यांच्या साइट बहुधा त्यावरच असतात.

धोका नेमका कशात आहे

वर्डप्रेस पीएचपी भाषेत लिहिलेलं आहे. सर्व्हरवर चित्राची फाइल असेल आणि कुणी तिचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, तर सर्व्हर ते चित्र दाखवतो. फाइल पीएचपीची असेल तर तो ती दाखवत नाही, चालवतो. आता ‘अपलोड्स’ नावाच्या फोल्डरचा विचार करा. त्यात लिहायची परवानगी साइटला द्यावीच लागते, नाहीतर फोटो चढणार नाहीत. ते फोल्डर सगळ्यांना उघडंही ठेवावं लागतं, नाहीतर चढवलेले फोटो दिसणार नाहीत. लिहिता येईल आणि बाहेरून उघडताही येईल, अशी ही जागा आहे. तिथे परक्याची पीएचपी फाइल पोचली आणि सर्व्हरने ती चालवली, की साइट त्याची झाली.

अशा फाइलला वेब शेल म्हणतात. तिच्यातून तो माणूस ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ ही साइटच्या मुख्य सेटिंगची फाइल वाचतो, डेटाबेसचा पासवर्ड उचलतो, स्वतःसाठी नवा अ‍ॅडमिन तयार करतो आणि तुमच्या नावाखाली जुगाराच्या जाहिरातींची पानं चढवतो. एकाच होस्टिंग खात्यावर चार साइट ठेवल्या असतील तर बहुतेक वेळा चारही जातात. या प्रकारच्या त्रुटीला सीडब्ल्यूई-४३४ असा जागतिक क्रमांक आहे.

“आमच्या एवढ्याशा साइटवर कोण येतंय?” हे मला सतत ऐकायला मिळतं, म्हणून कास्वारा नावाच्या प्लगइनचं प्रकरण सांगतो. २०२१ मध्ये त्यात अपलोडची त्रुटी सापडली. बनवणाऱ्यांनी दुरुस्ती काढलीच नाही, प्लगइन वाऱ्यावर सोडलं. २०२२ च्या जुलैमध्ये वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीने नोंदवलं की सुमारे १६ लाख साइटवर या एका त्रुटीसाठी हल्ल्याचे प्रयत्न झाले, आणि त्यांतल्या बहुसंख्य साइटवर ते प्लगइन मुळात नव्हतंच. हल्ला करणारा प्रोग्राम साइट मोठी की लहान हे बघत नाही. तो पत्त्यांची यादी घेऊन प्रत्येक साइटवर प्रयत्न करत सुटतो.

फाइल मॅनेजर प्लगइन

हा पर्याय मी पहिल्यांदा घेतो, कारण तो बाद करायचा आहे आणि का बाद करायचा हे नीट कळायला हवं.

फाइल मॅनेजर म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसूनच सर्व्हरवरच्या फाइल बघायच्या, चढवायच्या, खोडायच्या. लोक ते का टाकतात हेही मला माहीत आहे. होस्टिंगचा पासवर्ड जुन्या डेव्हलपरकडे असतो, तो फोन उचलत नाही, आणि एखादी फाइल तर बदलायचीच असते. मग प्लगइन टाकलं जातं, काम होतं आणि ते तिथेच राहतं.

‘डब्ल्यूपी फाइल मॅनेजर’ नावाचं प्लगइन २०२० मध्ये ७ लाखांहून जास्त साइटवर होतं. आत ते एलफाइंडर ही मुक्त लायब्ररी (इतरांनी वापरावा म्हणून लिहिलेला तयार कोड) वापरत होतं. त्या लायब्ररीसोबत जोडणी कशी करायची हे दाखवणारी एक नमुना फाइल येते. कुणी ती तशीच चालवू नये म्हणून तिच्या नावात ‘पीएचपी’च्या पुढे ‘-डिस्ट’ हे शेपूट लावलेलं असतं. शेपटामुळे सर्व्हर तिला पीएचपी मानत नाही. प्लगइनमध्ये हे शेपूट काढून टाकलेलं होतं. फाइल चालू झाली, आणि नमुना असल्यामुळे तिच्यात लॉगिन तपासण्याचा कोडच नव्हता. जगातल्या कुणीही त्या फाइलला थेट विनंती पाठवायची आणि हवी ती फाइल चढवायची. ६.० ते ६.८ या व्हर्जनमध्ये हा दोष होता. सेराव्हो या फिनलंडच्या होस्टिंग कंपनीच्या लोकांना तो चालू हल्ल्यांतूनच दिसला, आणि १ सप्टेंबर २०२० ला ६.९ व्हर्जन आलं. सीव्हीई या त्रुटींच्या जागतिक नोंदीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२०-२५२१३ आहे.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. ती विनंती वर्डप्रेसच्या वाटेने जातच नव्हती, त्यामुळे तुमचा पासवर्ड कितीही कडक असला तरी त्याचा इथे काही संबंध नव्हता. प्लगइन ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ करूनही उपयोग नव्हता, कारण फाइल डिस्कवर जागच्या जागी होती. दुसरी गोष्ट म्हणजे चढलेल्या फाइल ‘अपलोड्स’मध्ये न जाता प्लगइनच्याच फोल्डरमध्ये पडत होत्या. पुढे मी ‘अपलोड्स’मध्ये पीएचपी बंद करायचा नियम सांगणार आहे. त्या नियमाने हा हल्ला थांबला नसता.

दोष दुरुस्त झाला, प्लगइन आजही मिळतं. तरीही माझं मत बदललेलं नाही. ज्या साधनाचं कामच सर्व्हरवरची कुठलीही फाइल बदलणं आहे, त्यात उद्या निघालेली छोटीशी चूकसुद्धा पूर्ण ताब्याइतकी महाग पडते. तेच काम सीपॅनल या होस्टिंगच्या नियंत्रण-पानातला फाइल मॅनेजर किंवा एसएफटीपी (सर्व्हरवर फाइल सुरक्षितपणे चढवायची पद्धत) करतात, आणि ते साइटच्या बाहेर असतात. होस्टिंगचं खातं स्वतःच्या ईमेलवर घ्या, जुन्या डेव्हलपरच्या नाही. ते एकदा झालं की या प्लगइनची गरजच उरत नाही.

कॉन्टॅक्ट फॉर्म ७: फाइल येते आणि निघून जाते

माझ्या तुलनेत हे प्लगइन बऱ्याच लोकांसाठी पुढे आहे. चकाचक असल्यामुळे नाही. दिसायला ते साधंच आहे आणि फॉर्म बनवायची पद्धत जुन्या वळणाची आहे. ते पुढे आहे ते फाइल हाताळण्याच्या रीतीमुळे. पाहुण्याने जोडलेली फाइल एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये, कुणाला ओळखता येणार नाही अशा नावाच्या उपफोल्डरमध्ये जाते, ईमेलला जोडली जाते आणि ईमेल निघाली की सर्व्हरवरून पुसली जाते.

डिसेंबर २०२० मध्ये याच प्लगइनमध्ये अपलोडची त्रुटी जाहीर झाली. तेव्हा ते ५० लाखांहून अधिक साइटवर होतं, त्यामुळे मोठा गवगवा झाला. फाइलच्या नावात मध्येच न दिसणारं अक्षर घालता येत होतं. म्हणजे ‘बायोडेटा डॉट पीएचपी’, मग डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह, मग ‘डॉट जेपीजी’. तपासणाऱ्या कोडला शेवटचं जेपीजी दिसतं, तो सोडून देतो. पुढे कुठेतरी नाव त्या चिन्हापाशी तुटलं तर पीएचपी फाइल हातात उरते. ५.३.२ मध्ये अशी चिन्हं नावातून काढून टाकायला सुरुवात झाली.

कागदावर हा दोष फाइल मॅनेजरच्या दोषाच्याच जातीचा होता. प्रत्यक्षात त्याचा फायदा घेणं फार कठीण निघालं. फाइल पोचली तरी ती अंदाज न लागणाऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये असायची, त्या फोल्डरवर बाहेरून उघडायला मनाई करणारी ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइल असायची, आणि काही क्षणांत ती पुसलीही जायची. फाइल तपासण्यात चूक होती, पण ती ठेवण्याची रीत बरोबर होती, आणि त्या रीतीने साइट वाचवल्या. दोन प्लगइनमध्ये निवड करताना मी हेच बघतो.

याच्या मर्यादा खऱ्या आहेत. फाइल फक्त ईमेलमध्ये उरते, त्यामुळे ईमेल हरवली की बायोडेटा हरवला. स्वस्त होस्टिंगवरून गेलेल्या ईमेल स्पॅममध्ये पडतात हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. त्यासाठी ईमेल एसएमटीपीने, म्हणजे खऱ्या ईमेल खात्यातून लॉगिन करून, पाठवायची सोय करून घ्या. सोबत फ्लेमिंगो प्लगइन टाकलं तर संदेशाचा मजकूर डॅशबोर्डमध्ये साठतो, जोडलेली फाइल मात्र साठत नाही. ‘एचटीअ‍ॅक्सेस’चा पहारा अपाचे आणि लाइटस्पीड सर्व्हरवर चालतो, एनजिनेक्स हा सर्व्हर ती फाइल वाचतच नाही. व्हीपीएस (स्वतःपुरता वेगळा व्हर्च्युअल सर्व्हर) घेऊन एनजिनेक्स लावलेला असेल तर तोच नियम सर्व्हरच्या सेटिंगमध्ये वेगळा लिहावा लागतो.

त्याच फॉर्मवर चढवलेलं ड्रॅग अँड ड्रॉप

फाइल ओढून टाकता येणारी सुंदर चौकट हवी, एकदम पाच फाइल घेता याव्यात, म्हणून कॉन्टॅक्ट फॉर्म ७ वर ‘ड्रॅग अँड ड्रॉप मल्टिपल फाइल अपलोड’ हे जोडप्लगइन टाकतात. तेच २०२० साल, सीव्हीई-२०२०-१२८००, १.३.३.३ च्या आधीची व्हर्जन.

कुठल्या प्रकारच्या फाइल चालतील याची यादी सर्व्हरने स्वतःकडे ठेवायची असते. इथे ती यादी ब्राउझरकडून येणाऱ्या विनंतीतूनच घेतली जात होती. हल्लेखोराने यादीत लिहायचं ‘पीएचपी’ आणि पुढे टक्क्याचं चिन्ह. फाइलच्या नावालाही तेच शेपूट द्यायचं. धोकादायक प्रकारांच्या यादीत ‘पीएचपी’ आहे, ‘पीएचपी टक्का’ नाही, म्हणून फाइल पास. मग नाव स्वच्छ करणारा कोड येतो, टक्क्याचं चिन्ह काढून टाकतो, आणि डिस्कवर निखळ पीएचपी फाइल तयार होते. ती पडायची ‘अपलोड्स’मध्ये, ठरलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये.

मूळ फॉर्मने जो बंदोबस्त केला होता तो जोडप्लगइनने वळसा घालून निकामी केला. म्हणूनच “आम्ही कॉन्टॅक्ट फॉर्म ७ वापरतो” एवढं सांगून भागत नाही, त्यावर काय काय चढवलंय तेही सांगावं लागतं. ती त्रुटी लवकर दुरुस्त झाली. पण केवळ चौकट छान दिसावी म्हणून अपलोडच्या वाटेवर आणखी एका निर्मात्याचा कोड आणून बसवणं मला कधीच पटलेलं नाही.

फॉर्मिनेटर, निंजा फॉर्म्स, ग्रॅव्हिटी फॉर्म्स: फाइल साठवणारे

या तिघांची सोय मोठी आहे. आलेला प्रत्येक अर्ज डॅशबोर्डमध्ये यादीत दिसतो, फाइल त्याला चिकटलेली असते, दोन-तीन जणांनी मिळून छाननी करायची तर हेच सोपं. किंमत अशी की फाइल तुमच्या सर्व्हरवर, बहुधा ‘अपलोड्स’च्या पोटात, महिनोन्महिने राहते.

फॉर्मिनेटरमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये जी त्रुटी उघड झाली ती मी प्रत्येक नव्या डेव्हलपरला वाचायला लावतो. १.२४.६ पर्यंतच्या व्हर्जनमध्ये पोस्टसाठी चित्र चढवायच्या फील्डमध्ये फाइलचा प्रकार तपासला जायचा, पण फाइल सर्व्हरवर उतरून झाल्यावर. पाहुणा माजघरात येऊन बसल्यावर दारात जाऊन कडी लावावी तसं ते होतं. लॉगिनची गरज नव्हती, आणि प्लगइन ४ लाखांहून अधिक साइटवर होतं. १.२५.० मध्ये ती दुरुस्त झाली. २०२५ मध्ये त्याच प्लगइनमध्ये उलट्या दिशेची त्रुटी निघाली. पाहुणा फॉर्म भरताना फाइलच्या जागी सर्व्हरवरच्या दुसऱ्याच फाइलचा पत्ता घुसवू शकत होता, आणि अ‍ॅडमिनने तो अर्ज स्पॅम समजून पुसला की त्या पत्त्यावरची खरी फाइल पुसली जायची. ती फाइल ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ असेल तर साइट पुन्हा बसवायच्या पायरीवर येते आणि हल्लेखोर ती स्वतःच्या डेटाबेसला जोडून घेऊ शकतो. फाइल साठवायची म्हटली की पुसण्याचा कोडही आला, आणि त्यातही चुका होतात.

निंजा फॉर्म्सचं मूळ प्लगइन फुकट आहे, फाइल अपलोड मात्र विकतच्या जोडप्लगइनमध्ये येतं. त्या जोडप्लगइनमध्ये ३.३.० पर्यंत लॉगिनशिवाय कुठलीही फाइल चढवता येत होती. २०२२ मध्ये ३.३.१ ने ते बंद केलं.

ग्रॅव्हिटी फॉर्म्स पूर्ण विकतचं आहे. ते फाइल अंदाज न लागणाऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि डाउनलोडची लिंकही झाकून देतं. साठवणाऱ्यांमध्ये मला त्याची रीत जास्त विचारपूर्वक केलेली वाटते. पण पैसे मोजले म्हणून निश्चिंत होऊ नका. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या अधिकृत साइटवरून हाताने डाउनलोड करायच्या २.९.११.१ आणि २.९.१२ या प्रतींमध्येच कुणीतरी घातक कोड मिसळला होता. डॅशबोर्डमधून आपोआप येणाऱ्या अपडेटना त्याची झळ लागली नाही. आणि ‘नल्ड’ प्रत, म्हणजे टेलिग्रामवर फुकट मिळणारी विकतच्या प्लगइनची झिप, हा पर्याय या तुलनेत मी धरलेलाच नाही.

साठवणुकीचा दुसरा धोका हॅकिंगशिवायच येतो. ‘अपलोड्स’मधल्या फाइलचा पत्ता माहीत असेल तर ती कुणालाही उघडता येते, लॉगिन लागत नाही. त्यात सर्व्हरवर फोल्डरची यादी दाखवणं चालू राहिलं असेल तर आधारच्या प्रती, गुणपत्रिका, पगाराच्या स्लिपा रांगेने दिसतात. तुमच्यावर विश्वास ठेवून एखाद्या मुलीने बायोडेटासोबत घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर दिलेला असतो. तो असा उघड्यावर पडणं ही तांत्रिक चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. कायदाही आता मागे लागलेला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार साइटमधल्या घुसखोरीची माहिती ६ तासांच्या आत त्यांना कळवायची असते, हे तर कित्येक संस्थाचालकांच्या कानावरही आलेलं नाही.

गूगल फॉर्म किंवा साधी ईमेल

इथे फाइल तुमच्या सर्व्हरकडे फिरकतच नाही. साइटवर फक्त लिंक असते. वर सांगितलेल्या त्रुटींपैकी एकही या वाटेने तुमच्या साइटपर्यंत येत नाही, आणि तुमच्याकडे अपडेट करायला कुणी माणूस नसेल तर याहून चांगला पर्याय नाही.

अडचण माणसांची आहे. गूगल फॉर्ममध्ये फाइलचा प्रश्न असेल तर भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावंच लागतं. तरुण उमेदवाराला त्याचं काही वाटत नाही. सत्तरीतले कथालेखक नातवाला हाक मारतात, किंवा कंटाळून हस्तलिखिताचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. फाइल तुमच्या ड्राइव्हमध्ये येतात. फुकटच्या खात्यात ती जागा जीमेल आणि फोटो मिळून १५ जीबी, म्हणून फॉर्म बनवताना एका फाइलची मर्यादा कमी ठेवा. सर्वांत मोठी चूक शेअरिंगमध्ये होते. परीक्षकांना पाठवायला सोपं म्हणून फोल्डर ‘लिंक असलेल्या कुणालाही’ असं उघडलं जातं, आणि स्पर्धा संपल्यावर ते बंद करायचं कुणाला आठवत नाही. जीमेलवर ईमेलला २५ एमबीची मर्यादा आहे. साहित्य मागवायला ती पुरते, छापखान्याच्या कोरलड्रॉ फाइलना पुरत नाही.

शिवाय फाइल उघडणाऱ्या संगणकाचा धोका उरतोच. बायोडेटाच्या वर्ड फाइलमध्ये मॅक्रो (फाइलमध्येच दडलेला छोटा प्रोग्राम) असू शकतो, मग ती कुठल्याही वाटेने आलेली असो. फक्त पीडीएफ मागवा.

न दिसणारी अपलोड

फॉर्म नाही म्हणजे अपलोड नाही, असं समजू नका. २०११ मध्ये टिमथंब ही चित्रं लहान करणारी छोटी स्क्रिप्ट शेकडो थीममध्ये होती. तिला फ्लिकरसारख्या मोजक्या साइटवरून चित्र आणायची मुभा होती, पण ती पत्त्यात ते नाव कुठेतरी आहे का एवढंच बघायची. त्यामुळे ‘फ्लिकर डॉट कॉम’ने सुरू होऊन भलत्याच साइटवर संपणारा पत्ताही तिला चालायचा, आणि तिथली फाइल तुमच्या सर्व्हरवर उतरायची. २०१४ मध्ये मेलपोएट या न्यूजलेटर प्लगइनमध्ये थीमची झिप चढवायची सोय होती. ‘अ‍ॅडमिन_इनिट’ हे हुक (ठरलेल्या वेळी कोड चालवायची वर्डप्रेसची सोय) फक्त अ‍ॅडमिन आत असतानाच चालतं, असा तिथे समज होता. ते लॉगिनशिवायही चालवता येतं. २०२३ मध्ये रॉयल एलिमेंटर अ‍ॅडऑन्समध्येही लॉगिनशिवाय फाइल चढवता येण्याचं दुखणं निघालं, आणि ते तर पान सजवायचं प्लगइन. तुमच्या साइटवरच्या प्रत्येक प्लगइनबद्दल हे कुठून फाइल घेतं का, असं विचारून बघा. वापरात नसलेलं डिलीट करा.

काहीही निवडलं तरी: एक चाचणी

हे आजच करता येतं. सीपॅनलमधून ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये पीएचपीची एक ओळीची फाइल ठेवा, दोन आकड्यांचा गुणाकार छापणारी. नाव लांबलचक आणि वेडंवाकडं द्या. मग तिचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. गुणाकाराचं उत्तर दिसलं तर तुमचा सर्व्हर त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालवतो, म्हणजे पुढची कुठलीही अपलोड त्रुटी थेट ताब्यापर्यंत जाईल. ४०३ (उघडायला मनाई असल्याचा संदेश) आला तर नियम लागलेला आहे. फाइल लगेच पुसा.

उत्तर दिसलं असेल तर अपाचे किंवा लाइटस्पीडवर ‘एचटीअ‍ॅक्सेस’मधून, एनजिनेक्सवर सर्व्हरच्या सेटिंगमधून त्या फोल्डरमधली पीएचपी बंद करून घ्या. पीएचटीएमएल आणि पीएचएआर हे भाऊबंदही त्यात धरा. वर्डफेन्समध्ये यासाठी तयार पर्याय आहे. नियम लावल्यावर चाचणी पुन्हा करा, आणि होस्टिंग बदललं की परत करा. हे परत परत करायला सांगतो त्याला कारण आहे. अपाचेने २.३.९ पासून ‘एचटीअ‍ॅक्सेस’ वाचणं मूळ सेटिंगमध्ये बंद केलं. जेक्वेरी फाइल अपलोड नावाची प्रसिद्ध लायब्ररी मात्र त्याच फाइलच्या भरवशावर राहिली. अकामाई या इंटरनेट कंपनीच्या लॅरी कॅशडॉलर यांनी २०१८ मध्ये ते दाखवून देईपर्यंत जवळजवळ आठ वर्षं ते दार उघडं होतं, आणि तोवर हजारो प्रकल्पांनी ती लायब्ररी उचललेली होती.

मग कुणी काय घ्यावं

दिवाळी अंक, निबंध स्पर्धा, वर्षातून एकदाच फाइल मागवणारं मंडळ: गूगल फॉर्म, सोबत ईमेलचा पत्ता. दोन महिन्यांच्या कामासाठी साइटवर बारा महिने अपलोडचं दार ठेवू नका.

बायोडेटा मागवणारी छोटी कंपनी: कॉन्टॅक्ट फॉर्म ७, त्याचंच फाइल फील्ड, वर जोडप्लगइन नको. फक्त पीडीएफ, मर्यादा २ ते ३ एमबी, ईमेल एसएमटीपीने.

फ्लेक्स छापणारे, पत्रिका बनवणारे: तुमच्या फाइल शेकडो एमबीच्या असतात आणि ड्रॅग अँड ड्रॉपचा मोह तुम्हालाच सर्वांत जास्त होतो. ग्राहकाकडून ड्राइव्हची लिंक मागा. फॉर्ममध्ये लिंकसाठी एक रकाना ठेवला की झालं.

प्रवेश घेणारी शाळा, पतसंस्था, सीए, दवाखाना: कागदपत्रं ‘अपलोड्स’मध्ये साठवू नका. संस्थेचं गूगल वर्कस्पेस खातं असेल तर तिथे घ्या, आणि आधार लागलंच तर मास्क केलेलं मागा. काम एवढं मोठं असेल की अर्जांची यादी साइटवरच हवी, तर ग्रॅव्हिटी फॉर्म्ससारखं विकतचं घ्या, पण अपडेट करणारा माणूस आधी ठरवा. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: सुरक्षा अपडेट किती दिवसांत बसवणार, ‘अपलोड्स’ची चाचणी कधी करणार, आणि जुने अर्ज फाइलींसकट किती महिन्यांनी पुसणार.

आणि तुमच्या साइटवर आत्ता फाइल मॅनेजर असेल, विशेषतः २०२० पासून कुणी लक्ष न दिलेलं, तर डिलीट करून थांबू नका. प्लगइनच्या फोल्डरमध्ये अनोळखी पीएचपी फाइल शोधा, युजरच्या यादीत परका अ‍ॅडमिन आहे का पाहा, होस्टिंग आणि डेटाबेस दोन्हींचे पासवर्ड बदला. शेवटी ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मधल्या सॉल्ट (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त अक्षरांच्या ओळी) नव्याने टाका. त्या बदलल्या की चालू असलेली सगळी लॉगिन एकदम तुटतात, घुसलेल्या माणसाचंही त्यात आलं.